कोणी दाबलं?

तुमचा हात यंत्रात ओढला जातोय आणि दुसऱ्या हाताला सहज लागेल असं ते यंत्र थांबवणारं लाल बटण समोर आहे. तुम्ही ते दाबाल ना?

"म्हणजे काय, दाबणारच," असं तुम्ही म्हणाला असाल. आमच्या वर्गातही सगळे असंच म्हणाले होते, मीसुद्धा. पण सातपूरच्या एका पुठ्ठ्याच्या कारखान्यात एका मावशींनी ते दाबलं नाही. का दाबलं नाही, हे शोधण्यात माझ्या शिक्षणाचं शेवटचं वर्ष गेलं.

मी नाशिकमध्ये तंत्रज्ञान व्यवस्थापन शिकत होते. आमच्या घरात हा विषय जरा संशयास्पद होता. वडील सातपूरमध्येच फिटर. संघटनेची पत्रकं लिहिण्याचं काम त्यांच्याकडे असायचं. गुलाबी, पिवळ्या स्वस्त कागदावरची ती पत्रकं वाचतच मी वाचायला शिकले. मला आलेलं पहिलं जोडाक्षर बहुतेक 'धिक्कार'मधलं. गेटवरच्या सभेच्या आधी आम्ही बहिणी जमिनीवर बसून पत्रकांच्या घड्या घालायचो. पप्पा मोठ्यानं मजकूर वाचायचे आणि आई आतून ओरडायची, "इतकी उद्गारचिन्हं नका टाकू, शाई संपेल." त्या पत्रकांत माणसं दोनच प्रकारची असायची, कामगार आणि मालक. तिसरं माणूस मी फार उशिरा पाहिलं.

"व्यवस्थापन?" मी प्रवेश घेतला तेव्हा पप्पा म्हणाले होते. "म्हणजे आता टेबलाच्या त्या बाजूला बसणार?"

"कामाच्या जागेची सुरक्षा शिकवतात त्यात."

"सुरक्षा शिकवतात, की सुरक्षेचे बोर्ड रंगवायला शिकवतात?"

याचं उत्तर मला पहिल्या सत्रात मिळालं. 'मानवी घटक' नावाचा विषय होता. यंत्र, जागा, काम आणि माणूस यांचं एकमेकांशी कसं जमतं किंवा जमत नाही, याचा तो अभ्यास. सरांनी वर्गात आल्या आल्या दाराजवळच्या मुलाला सांगितलं, "माझ्या डोक्यावरचा पंखा बंद कर." भिंतीवर एका ओळीत सारख्या दिसणाऱ्या बटणांचा बोर्ड होता. त्यानं एक बटण खाली केलं, मागचे दिवे गेले. दुसरं केलं, मुलींच्या बाजूचा पंखा थांबला. वर्ग हसायला लागला. बिचाऱ्याचे कान लाल झाले.

"कोणाला हसलात?" सरांनी विचारलं. "तो इथं रोज बसतोय. तुम्हीही बसताय. कोणाला माहीत आहे कुठलं बटण कुठल्या पंख्याचं? ज्यानं बोर्ड बसवला त्याला कोणी हसत नाही, कारण तो केव्हाच घरी गेला."

त्या दिवशी मी घरी येऊन हे पप्पांना सांगितलं. त्यांनी ते मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "हे पत्रकात घालता येईल."

शेवटच्या वर्षी प्रकल्पासाठी सरांनी मला आणि माझ्या जोडीदाराला त्या पुठ्ठ्याच्या कारखान्यात पाठवलं. जोडीदार मालेगावचा, घरचे यंत्रमाग. चालत्या यंत्राशेजारी तो जितका निवांत बसतो तितका ग्रंथालयातही बसत नाही. जाताना सरांनी एक अट घातली. "'निष्काळजीपणा' हा शब्द अहवालात दिसला तर मी अहवाल परत करीन. तो शब्द लिहिला की पुढचा विचार थांबतो."

कारखाना छोटा. पत्र्याची शेड, कोपऱ्यात काचेची केबिन, केबिनमध्ये सुपरवायझर. इथं द्राक्षांसाठी खोकी बनतात. पुठ्ठ्याला खळ लावणारं एक मशीन आहे. एकावर एक फिरणारे दोन रोलर, मधून पुठ्ठा सरकवायचा. आम्ही जाण्याच्या काही आठवडे आधी याच रोलरमध्ये मावशींच्या साडीवर घातलेल्या कोटाची बाही ओढली गेली होती. शेजारच्या बाईनं धावत जाऊन मुख्य स्विच बंद केला म्हणून हात वाचला. दोन बोटं सोलवटली होती, ती आता भरत आली होती. पण मावशींना मशीनवरून उठवून मागे गठ्ठे बांधायला बसवलं होतं.

आम्ही पहिल्यांदा भेटलो तेव्हा त्या सुतळी दातात धरून गाठ आवळत होत्या.

"बोटं बरी आहेत का, मावशी?"

"बोटांना काय झालंय? मला झालंय." त्यांनी हनुवटीनं मशीनकडे खूण केली. "ती बघ, माझ्या मशीनवर बसलीय. खळ पातळ करती. चार दिवसांत कडा सुटत्यात का नाय बघ."

"मला ऐकू येतंय हां, मावशी!" मशीनवरची बाई तिकडून ओरडली.

"ऐकू यावं म्हनूनच बोलते."

मशीन आलं त्या दिवसापासून ते मावशींकडे होतं. त्याचा आवाज बदलला की त्या पुठ्ठा थांबवायच्या. दसऱ्याला त्याच्यासाठी झेंडू त्या स्वतः आणायच्या, भावाच्या शेतातून, पहाटे तोडलेला. घरी नवरा, सुना, नातवंडं सगळ्यांना माहीत होतं की ही मशीनवाली आहे. गठ्ठे बांधणारी झाल्याचं त्यांनी घरी अजून सांगितलेलं नव्हतं.

कारखान्याच्या मालकांनी, म्हणजे शेठनी, स्पष्ट केलं होतं की द्राक्षांचा हंगाम भरात येण्याआधी मशीन कायमचं कोणाकडे द्यायचं ते ठरेल, आणि आमचा अहवाल त्यासाठी वाचला जाईल. म्हणजे मावशींचं मशीन आमच्या दोघांच्या हातात होतं.

सुपरवायझरचं मत पहिल्याच दिवशी ऐकून झालं. "बाई चांगली आहे, मेहनती आहे. पण घाबरट. बटण समोर होतं, हात मोकळा होता. दाबलं नाही. मी तिला परत कसं बसवू? उद्या पूर्ण हात गेला तर मी काय सांगू तिच्या घरी?" हे सांगताना त्यांचा आवाज खरोखर खाली आला होता. मी मनातल्या मनात त्यांच्याविरुद्ध पत्रकाचं शीर्षक तयार करत होते, पण ते त्यांच्या आवाजावर बसत नव्हतं.

मग आम्ही बटण पाहिलं. गोल, लाल, मुठीएवढं, मशीनच्या तोंडावर अगदी मधोमध. त्यावर दसऱ्याचं वाळलेलं हळदकुंकू होतं आणि बाजूला झेंडूच्या माळेचा दोरा लटकत होता. खरंच, ते बटण मशीनचं कपाळ वाटावं असंच आहे. टिळा लावायचा तर दुसरीकडे कुठे लावणार? रोज काम सुरू करताना बायका त्याला दोन बोटं टेकवायच्या आणि ती आपल्या कपाळाला लावायच्या.

जोडीदार हरखून गेला. "सापडलं! ज्याला रोज नमस्कार करतात त्याच्यावर थाप कशी मारतील? हात अडणारच. लिही, श्रद्धेमुळे विलंब."

मलाही ते आवडलं होतं. आमच्या घरच्या पत्रकांत हे छान बसलं असतं. पण सरांची अट आठवली आणि आम्ही ते आधी मावशींना विचारलं.

मावशी इतक्या हसल्या की सुतळी तोंडातून सुटली. "अरे बाबा, घरातल्या देवांना मी दर सणाला चिंचेनं खसाखसा घासते. त्यांनी कधी तक्रार केली नाय. आन् या बटणाला थाप मारायला घाबरंन व्हय?"

शेजारच्या बाईनं भर घातली, "देवाला काय घाबरती, नवऱ्याला घाबरत नाय ती!"

"मग का नाही दाबलं, मावशी?"

हसणं विरलं. त्यांनी बोटांकडे पाहिलं. "काय म्हाईत. दिसत व्हतं. लाल लाल. हात तिकडं निघाला पन व्हता. मधीच कुठं अडला, ते नाय सांगता येत. लय इचार केला मी त्याचा."

त्यांनी खरंच विचार केला होता, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. आपण घाबरट आहोत की काय, हा प्रश्न त्या रोज सुतळीबरोबर आवळत होत्या.

आम्ही चाचणी घ्यायची ठरवली. जेवणाची सुट्टी संपताना रोलर एकमेकांपासून लांब करून मशीन रिकामं चालवायचं. एकेका बाईनं समोर उभं राहून पुठ्ठा सरकवल्यासारखं करायचं. मी मधेच "थांबवा!" म्हणून ओरडले की लाल बटण दाबायचं. कोणाला इजा व्हायचं कारण नव्हतं. जोडीदार मोबाइलवर चित्रण करत होता. बायकांना हा खेळ वाटला. एकमेकींना "हीरोइन, पदर सावर" वगैरे चालू होतं. सगळ्यांनी बटण दाबलं. मावशींनीही दाबलं. सुपरवायझर केबिनमधून बघत होते. ते म्हणाले, "झालं ना? दाबता येतं सगळ्यांना."

मला काही सापडलं नाही म्हणून मी खट्टू झाले. संध्याकाळी सातपूरच्या बसची वाट बघताना आम्ही ते चित्रण पुन्हा पाहिलं, आवाज बंद करून. गोंगाट होता म्हणून आवाज बंद केला, इतकंच. आणि आवाज नसल्यामुळे ते दिसलं.

मी ओरडल्यावर प्रत्येकीचा हात बटणाकडे निघत होता. मग मान मागे वळत होती, काचेच्या केबिनकडे. मगच हात बटणावर पडत होता. नवी बाई असो, जुनी असो, हसत असो की गंभीर, मान वळायचीच. क्षणभरच. पण फिरत्या रोलरला बाही ओढायला क्षणभर पुरतो.

"परत लाव," मी म्हणाले. बस आली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी मोबाइल मावशींच्या हातात दिला. त्यांनी स्वतःला पाहिलं. पहिल्यांदा पदराकडे लक्ष गेलं, मग हसल्या, मग हसायच्या थांबल्या. बोटानं स्वतःच चित्रण मागे नेलं आणि पुन्हा पाहिलं.

"मी मागं का बघितलं गं?"

त्यांनी चित्रण तिसऱ्यांदा मागे नेलं.

"तवाबी बघितलं असंल?"

"असेल, मावशी."

त्यांनी मोबाइल शेजारच्या बाईला दिला. तिनं पुढच्या बाईला. चहा निवत होता. तेवढ्यात सुपरवायझर केबिनमधून आले, "काय सिनेमा चाललाय?" म्हणत, आणि कोणाला काही सुचायच्या आत त्यांनी मोबाइल घेतला.

त्यांनी ते पूर्ण पाहिलं. एकामागून एक सगळ्या मानांनी वळून त्यांच्याकडेच पाहिलं.

"माझ्याकडे बघतायत?" ते हळूच म्हणाले. "मी कधी मारलंय का कोणाला? शिवी दिलीय?"

"नाय हो साहेब," मावशी म्हणाल्या. आणि त्यांच्या तोंडून ते वाक्य निघालं, "पन मशीन थांबलं की तुम्ही इचारता ना, 'कोणी दाबलं?'"

सुपरवायझर एका गठ्ठ्यावर बसले. मग त्यांनी खिशातला स्वतःचा फोन काढून आम्हाला दाखवला. शेठनी गेल्या वर्षी एक प्रणाली बसवली होती. साध्या स्विचनं मशीन बंद केलं तर काही नाही. पण लाल बटण दाबलं की त्याच क्षणी दोन फोन वाजायचे, सुपरवायझरचा आणि शेठचा. आमच्या चाचणीपुरती त्यांनी ती बंद ठेवली होती. "आणि शेठचा फोन येतो. 'कोणी दाबलं?' हेच पहिलं वाक्य. मला उत्तर द्यावं लागतं. मी केबिनच्या दारातूनच ओरडतो, 'कोणी दाबलं?' मला वाटायचं, मी फक्त निरोप पुढे देतोय."

हे तिसरं माणूस. पत्रकात त्याला जागा नव्हती. वरून आलेला प्रश्न जसाच्या तसा खाली सोडणारं, आणि त्यानं कोणाचा तरी हात अडतो हे माहीत नसलेलं. मला त्यांच्यावर रागवायचं होतं. पण ते चित्रण पुन्हा पहिल्यापासून लावून बघायला लागले होते.

अहवाल लिहिला तो पप्पांना वाचून दाखवला. ते चष्मा कपाळावर चढवून ऐकत होते. "सगळं बरोबर आहे. पण धिक्कार कोणाचा?"

"'कोणी दाबलं' या प्रश्नाचा."

"प्रश्नाचा धिक्कार कसा करणार? प्रश्नाला गेट नसतं, मोर्चा कुठे नेणार?"

"विचारणाऱ्याकडे. आणि रोलरपुढे हात अडवणारी जाळी नाही, ते शेठच्या नावावरच लिहिलंय. त्यात कोणाची मान वळायचा संबंध नाही."

पप्पांनी एका जागी उद्गारचिन्ह घालायला सांगितलं. मी घातलं. सरांनी नंतर ते खोडलं.

शेठसमोर सर, सुपरवायझर आणि आम्ही दोघं बसलो. शेठ चिडतील अशी माझी तयारी होती. पण चित्रण पाहून ते व्यवहारी माणसासारखे म्हणाले, "पण कोणी विचारणारच नाही असं झालं तर उठसूट दाबतील."

"दाबू द्या," मी म्हणाले. "रोज सकाळी काम सुरू करताना दाबायलाच लावा. नमस्कार करतात त्याच वेळी. बटण चालतंय हेही कळेल आणि हाताला सवयही होईल. टिळा वरच्या पत्र्यावर लावा. विचारायचं तर 'काय झालं?' विचारा."

शेठनी ते मान्य केलं. "आणि जाळी?" सरांनी विचारलं.

"हंगाम संपला की बसवू," शेठ म्हणाले. " आत्ता मशीन थांबवणं परवडणार नाही. बाईंना मात्र उद्यापासून बसवा, माझी हरकत नाही."

आणि इथे माझी खरी पंचाईत झाली. मी म्हणाले, जाळीशिवाय त्या मशीनवर कोणीच बसता कामा नये, मावशीही नाही. बटण म्हणजे शेवटचा आधार. ते दाबायची वेळच का यावी? तत्त्वाचा प्रश्न होता. मी हे सांगून बाहेर आले तर मावशी दाराशी उभ्या.

"तू माझ्या आडवी का येती गं?"

"मावशी, जाळी नाही अजून."

"इतकी वर्सं नव्हतीच. तुझी जाळी येईस्तोवर हंगाम जाईल, मशीन तिच्याकडं कायमचं जाईल. तुझं तत्त्व तुझ्यापाशी ऱ्हाईल, मी सुतळीपाशी."

त्यांचं म्हणणं खरं होतं आणि माझंही खरं होतं, आणि त्यांची बोटं अजून गुलाबी होती. मी फक्त म्हणाले, "तुमचा हात परत गेला तर मला चालणार नाही. तुम्हाला राग आला तरी."

"आलाच हाय," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

हे सगळं सुपरवायझर ऐकत होते. ते काही न बोलता टेप घेऊन मशीनपाशी गेले, मापं घेतली आणि मोटरसायकल काढली. शेजारच्या गल्लीत एक फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. त्यांनी उरलेल्या तुकड्यांतून जाळी बनवून घेतली. पहिली बसेना, पुठ्ठा अडायचा. ती परत नेली, कडा कापून आणली. दुपारच्या सुट्टीत स्वतः नट आवळले. मशीन त्यासाठी कामाच्या वेळेत एकदाही थांबलं नाही. शेठनी बघितलं आणि "हे आधी का नाही केलं?" असं विचारलं. सुपरवायझर म्हणाले, "आधी कोणी विचारलं नाही, साहेब." मला ते ऐकून फार बरं वाटलं.

त्याच आठवड्यात मावशी मशीनवर बसल्या. माझ्याशी बोलत नव्हत्या. सकाळी बटण दाबलं, मशीन थांबलं, परत सुरू केलं. केबिनकडे मात्र पाहिलंच.

चहाच्या आधी एक पुठ्ठा तिरका शिरला. जाळीमुळे हाताला धोका नव्हता, पण पुठ्ठा गोळा होऊन रोलरवर चढायला लागला. मावशींचा हात उचलला गेला. मान अर्धी वळली. आणि तिथेच, अर्ध्यात, त्यांनी ती परत आणली आणि बटणावर थाप मारली. अशी मारली की पत्रा वाजला.

केबिनमध्ये फोन वाजला. दार उघडून सुपरवायझर बाहेर आले. सगळ्या बायका त्यांच्याकडे बघत होत्या. इतक्या वर्षांच्या सवयीनं त्यांचं तोंड उघडलं.

"को—"

ते थांबले. ओठ तसेच गोल राहिले. मग म्हणाले, "काय झालं, मावशी?"

"पुठ्ठा वाकडा गेला."

"काढा मग सावकाश."

"को, को, को!" मागून कोणीतरी कोंबडीसारखं केलं आणि सगळी शेड हसली. सुपरवायझरही हसले. त्यांचा फोन अजून वाजत होता. त्यांनी तो उचलला आणि शेठ काही विचारायच्या आत सांगितलं, "साहेब, पुठ्ठा अडकला होता, मावशींनी वेळेवर थांबवलं."

मावशींनी मला जवळ बोलावलं. खळीचा हात पदराला पुसला. "राग गेला नाय अजून," त्या म्हणाल्या. "पन चहा घे."

हे फक्त कारखान्यात घडतं असं समजू नका. शाळेत, दवाखान्यात, दुकानात, ऑफिसात, घरात कुठेतरी असं एक बटण असतंच. काम थांबवून "हे चुकतंय" म्हणायची सोय. आणि त्याच्यामागे कुठेतरी एक काचेची केबिन असते. तिच्यात अनेकदा आपणच बसलेलो असतो.

म्हणून तुम्हाला एक विनंती आहे, आणि ती उद्याच अमलात आणा. तुमच्या हाताखाली कोणी काम करत असेल, तर सकाळी त्याच्याकडून ते बटण एकदा दाबवून घ्या. आणि ज्या दिवशी ते खरंच दाबलं जाईल, त्या दिवशी तोंडातून 'को' निघाला तरी तिथेच थांबा. आधी विचारा, "काय झालं?"